जुन्या सी कोडमध्ये रस्ट आणायची तर आधी बाउंडरी कोण सांभाळणार ते ठरवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जसा समजला तसा आधी मांडतो, चुकत असेन तर सांगा. तुमची एक ओपन सोर्स लायब्ररी आहे, फाइल फॉरमॅट वाचणारी, बारा-तेरा वर्षं जुनी, जवळपास तीन लाख ओळींचा सी कोड. मेंटेनर (कोड सांभाळणारे) कागदावर पाच, पण रोजचं काम बघणारे दोघंच. पार्सरमध्ये, म्हणजे फाइल वाचून तिचा अर्थ लावणाऱ्या भागात, दर काही महिन्यांनी मेमरीचा एखादा बग (चुकीच्या जागी वाचणं-लिहिणं, मोकळी केलेली जागा पुन्हा वापरणं) निघतो आणि घाईघाईने सिक्युरिटी रिलीज काढावा लागतो. आता एका नव्या कॉन्ट्रिब्युटरने तो अख्खा पार्सर रस्टमध्ये, म्हणजे असे बग बहुतेक कंपाइल होतानाच अडवणाऱ्या भाषेत, लिहून सहा हजार ओळींचा पीआर (कोड सामील करून घ्यायची विनंती) पाठवलाय. दोघं म्हणतात घेऊन टाका, एक जुने मेंटेनर म्हणतात रस्ट आली तर मी थांबणार नाही, बाकीचे गप्प आहेत. आणि तुम्ही विचारलंय, मर्ज करू की नको.

मी सोळा-सतरा वर्षं एका मोठ्या सी आणि सी प्लस प्लसच्या प्रोजेक्टमध्ये मेंटेनर आहे. तिथे आम्ही दुसरी भाषा दोनदा आणली. पहिल्यांदा दोन वर्षांनी सगळं उपसून काढावं लागलं, दुसऱ्यांदा जमलं आणि ते आजही चालू आहे. दोन्ही वेळा भाषा तीच होती, त्यामुळे फरक भाषेमुळे पडला असं म्हणायला मला जागा नाही. फरक पडला तो दोन भाषा जिथे एकमेकींना भेटतात त्या बाउंडरीमुळे. ती किती रुंद आहे आणि रात्री तिथे काही फुटलं तर कोण उठणार, यावर सगळं ठरलं. तुमच्या टीममधला वादही वरवर रस्टचा दिसतोय, पण माझ्या मते तो याच गोष्टीचा आहे आणि ती कोणी नाव घेऊन बोलत नाहीये.

रस्ट चांगली की नाही यावर मी फार वेळ घालवणार नाही. मायक्रोसॉफ्टने आणि क्रोमियमवाल्यांनी (क्रोम ब्राउझरचा मूळ प्रोजेक्ट) आपापलं मोजून सांगितलंय की त्यांच्याकडच्या गंभीर सिक्युरिटी बगांमध्ये साधारण ७० टक्के मेमरीचे असतात. तुमचा पार्सर बाहेरून आलेल्या, कुणीही मुद्दाम बिघडवलेल्या फाइली वाचतो, म्हणजे हे बग जिथे सगळ्यात महाग पडतात नेमकं तेच ठिकाण. तेव्हा पीआर पाठवणाऱ्याने जागा बरोबर निवडलीय.

पण गूगलने अँड्रॉइडचे जे आकडे दिलेत त्यातला एक भाग लोक सोडून देतात. त्यांच्याकडे मेमरीच्या बगांचं प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होतं, ते २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं, पण ते जुना कोड पुन्हा लिहून आलं नाही, मुख्यतः नवा कोड सुरक्षित भाषांमध्ये लिहायला लागल्यामुळे आलं. कारण असं की बग बहुतेक नव्या किंवा नुकत्याच हात लावलेल्या कोडमध्ये असतात, जुना कोड वर्षानुवर्षं वापरून, फुटून, दुरुस्त होऊन बराच घासला गेलेला असतो. म्हणून पहिला प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा की तुमच्या पार्सरमधले गेल्या तीन वर्षांतले बग नक्की कुठल्या फाइलींमध्ये निघाले. कमिटचा (कोडमधल्या बदलांच्या नोंदींचा) इतिहास काढा, एक संध्याकाळ लागेल. सगळे बग दोन नव्या फॉरमॅटच्या कोडमध्ये असतील तर सहा हजार ओळी बदलायची गरजच नाही, त्या दोन फॉरमॅटपुरतं बघा. आणि सगळीकडे पसरलेले असतील तर पीआरला आधार मिळतो. ही यादी नसताना वाद घातला तर तो फक्त आवडीनिवडीचा वाद होतो, मी तसे वाद पाहिलेत, ते संपत नाहीत.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण "दुसरी भाषा" म्हणताना लोक अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. जावामध्ये कोटलिन आणणं किंवा जावास्क्रिप्टमध्ये टाइपस्क्रिप्ट आणणं हे तुलनेने सोपं, कारण दोन्ही शेवटी एकाच रनटाइमवर चालतात, एका भाषेतला ऑब्जेक्ट दुसरीला तसाच दिसतो, गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारा) एकच असतो. जीसीसी हा कंपायलर आधी सीमध्ये होता, २०१२ मध्ये त्यांनी सी प्लस प्लस घेतली आणि ४.८ पासून तो बिल्ड करायला सी प्लस प्लस कंपायलर लागायला लागला. तो मोठा निर्णय होता, पण जुनी सी फाइल हळूहळू, एकेका ओळीने बदलता येत होती आणि स्ट्रक्टचा (एकत्र बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्याचा) अर्थ दोन्हीकडे तोच राहत होता. सी आणि रस्टचं तसं नाही. मध्ये फॉरेन फंक्शन इंटरफेस, म्हणजे एका भाषेतून दुसरीतलं फंक्शन बोलवायचं दार, येतो, आणि त्या दारातून जाताना रस्टची सगळी हमी दारातच उतरवून ठेवावी लागते. पलीकडून आलेला पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) खरा आहे का, त्याची लांबी सांगितली तेवढीच आहे का, तो कोणी मोकळा करायचा, यातलं काहीही कंपायलर तपासू शकत नाही. म्हणजे ज्या बगांपासून सुटका हवी म्हणून रस्ट आणली ते बग बाउंडरीवर गोळा होतात. बाउंडरी तीन फंक्शनांची असेल तर ती तीन फंक्शनं डोळ्यांत तेल घालून वाचता येतात. दोनशेची असेल तर कोणी वाचत नाही.

आमचा पहिला प्रयत्न इथेच फसला. आम्ही दुसरी भाषा कोडबेसच्या पोटात घातली, एक मेटाडेटा सांभाळणारा मॉड्यूल होता, त्याला चाळीसेक ठिकाणांहून हाक जायची आणि तोही उलट सी कडे कॉलबॅक करायचा, मधल्या काही स्ट्रक्टना दोन्ही बाजू थेट हात लावायच्या. लिहिणारा मुलगा फार हुशार होता, कोड सुंदर होता. वर्षभराने त्याची नोकरी बदलली, वेळ मिळेना, तो हळूहळू दिसेनासा झाला, यात त्याचा काही दोष नाही, ओपन सोर्समध्ये हे होणारच. मग एक क्रॅश यायला लागला, एका प्लॅटफॉर्मवर अजिबात नाही, दुसऱ्यावर आठवड्यातून एकदा. सहा आठवडे शोधलं. शेवटी निघालं काय, तर एक स्ट्रिंग रस्टच्या बाजूने अॅलोकेट होत होती, म्हणजे मेमरीत जागा घेत होती, आणि एरर आली की एकाच वाटेवर सी ची बाजू ती फ्री, म्हणजे मोकळी, करत होती. दोन अॅलोकेटर वेगळे, एका प्लॅटफॉर्मवर नशिबाने चालून जायचं. दुरुस्ती दोन ओळींची होती. पण त्या सहा आठवड्यांत आम्हाला कळलं की आमच्यापैकी दोन्ही बाजू नीट वाचू शकणारा एकही माणूस उरलेला नाही. मॉड्यूल काढायचा निर्णय त्या क्रॅशमुळे झाला नाही, या जाणिवेमुळे झाला.

हे फक्त आमच्याकडे घडलं असं नाही. कर्लने, म्हणजे इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या सी मधल्या टूलने, २०२० मध्ये एचटीटीपीसाठी हायपर नावाची रस्ट लायब्ररी पर्यायी म्हणून जोडायला घेतली, कामासाठी बाहेरून पैसाही मिळाला, आणि बहुतेक टेस्ट पास होण्यापर्यंत ते पोचलंही. पण शेवटचा थोडा भाग राहिला तो राहिलाच आणि चार वर्षं "प्रायोगिक" राहून ते काढायचं ठरलं, २०२५ च्या सुरुवातीच्या ८.१२.० मध्ये ते गेलं. कर्लचे मुख्य डेव्हलपर डॅनियल स्टेनबर्ग यांनी कारणं उघडपणे सांगितली. वापरकर्त्यांकडून मागणी नव्हती, आणि सी व रस्ट दोन्ही येणारी, दोन्ही प्रोजेक्टमध्ये रस असणारी माणसं मिळाली नाहीत. मला हे उदाहरण सगळ्यात मोलाचं वाटतं कारण तिथे कोड वाईट नव्हता, पैसा नव्हता असंही नाही, दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं होती. मधे उभं राहणारं कोणी नव्हतं.

आता जमलेल्या उदाहरणांत काय वेगळं होतं ते बघा. फायरफॉक्समध्ये रस्टचा पहिला तुकडा २०१६ मध्ये ४८ व्या आवृत्तीत गेला, तो होता एमपी४ फाइलीचा मेटाडेटा वाचणारा पार्सर, म्हणजे तुमच्यासारखाच प्रकार. बाइट आत, थोडी माहिती बाहेर, कॉलबॅक नगण्य. आणि तो आणताना त्यांनी जुन्या सी प्लस प्लस पार्सरचं उत्तर आणि नव्याचं उत्तर ताडून बघितलं. त्यानंतर वर्षभराने, नोव्हेंबर २०१७ च्या ५७ व्या आवृत्तीत, सीएसएसचं अख्खं इंजिन रस्टचं आलं. छोटा तुकडा आधी, मोठा नंतर, आणि मधल्या काळात बिल्ड, सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप चालणारी तपासणी), क्रॅश रिपोर्ट, डीबगर सगळं दोन भाषांना सरावलं.

लिबआरएसव्हीजीची गोष्ट अजून जवळची आहे. एसव्हीजी चित्रं रंगवणारी सी लायब्ररी, फेदेरिको मेना किंतेरो यांनी २०१६ मध्ये आतून एकेक फंक्शन रस्टमध्ये न्यायला सुरुवात केली, २०१७ मध्ये रस्ट असलेला पहिला रिलीज आला. बाहेरचा सी एपीआय (इतर प्रोग्रॅम जी फंक्शनं वापरतात ती बाजू) मात्र जसाच्या तसा ठेवला, वापरणाऱ्या प्रोग्रॅमांना एक ओळही बदलावी लागली नाही. दोन गोष्टी त्यांच्या बाजूने होत्या, एक म्हणजे पोर्ट करणारा माणूस स्वतःच मेंटेनर होता, बाहेरून आलेला नव्हता, आणि दुसरी म्हणजे चित्र काढून आधीच्या चित्राशी ताडून बघणाऱ्या टेस्ट होत्या. तुमच्या प्रश्नात टेस्टबद्दल एक शब्द नाही, त्याची मला थोडी काळजी वाटली.

आमचा दुसरा प्रयत्न याच धर्तीवर होता. यावेळी कोडबेसच्या कडेचा, ज्याच्या खाली काही नाही असा डिकोडर निवडला. बाउंडरीवर चारच फंक्शनं: बनवा, बाइट द्या, निकाल घ्या, मोकळं करा. स्ट्रक्ट बाहेर दिसतच नाही, सी कडे फक्त एक अपारदर्शक हँडल. जी बाजू अॅलोकेट करते तीच मोकळं करते, हा नियम हेडर फाइलच्या डोक्यावर लिहून ठेवला. आणि जुना डिकोडर आम्ही लगेच काढला नाही. दोन रिलीज दोन्ही ठेवले, बिल्डच्या वेळी निवडता यायचे, आणि सीआयमध्ये फझर (मुद्दाम वेड्यावाकड्या फाइली बनवत राहणारं टूल) लावून एकच फाइल दोघांना द्यायचो, उत्तर जुळलं नाही की बिल्ड लाल. पहिल्या महिन्यात बरेच फरक निघाले, त्यातले काही नव्या कोडमधले बग, काही जुन्यातले, आणि दोन ठिकाणी जुना कोड स्पेसिफिकेशनच्या दृष्टीने चूक होता पण लोकांच्या हजारो फाइली त्या चुकीवरच उघडत होत्या. ते वागणं आम्ही नव्या कोडमध्ये मुद्दाम तसंच ठेवलं, वर कमेंट लिहून. असली माहिती कुठल्याही डॉक्युमेंटमध्ये नसते, ती फक्त जुन्या कोडमध्ये आणि जुन्या माणसांच्या डोक्यात असते.

म्हणून जे मेंटेनर सोडून जाईन म्हणताहेत त्यांच्याशी आधी बोला, पीआरवर नाही, फोनवर. बारा वर्षांच्या विचित्र फाइलींची आठवण त्यांच्याकडे आहे. माझा अनुभव असा की असा माणूस सहसा भाषेवर चिडलेला नसतो, त्याला भीती असते की उद्या सी मधलं एक फंक्शन बदललं तर रस्टचा बिल्ड फुटेल, आणि ज्या भाषेतलं वाचताही येत नाही तिथली दुरुस्ती माझ्या गळ्यात पडेल. ही भीती रास्त आहे, समजावून जात नाही, ती जाते लिहून दिलेल्या नियमाने.

लिनक्स कर्नलमध्ये हेच झालं. डिसेंबर २०२२ च्या ६.१ मध्ये रस्टचा पाया आला, प्रयोग म्हणूनच, आणि भर सुरुवातीपासून नव्या ड्रायव्हरवर होता, चालणारा सी कोड उखडून पुन्हा लिहिण्यावर नाही. तरी सगळ्यात कडू भांडणं झाली ती बाउंडरीवरच्या कोडवरून, म्हणजे सी च्या एपीआयवर रस्टचं आवरण कोणी लिहायचं, आणि सी बदलला की ते कोणी सांभाळायचं. २०२५ च्या सुरुवातीला डीएमएच्या (उपकरणांनी थेट मेमरी वापरायची सोय) आवरणावरून ते इतकं पेटलं की लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना स्पष्ट करावं लागलं: सी च्या मेंटेनरवर रस्ट बघायची सक्ती नाही, पण त्याचा एपीआय नुसता वापरणारा रस्ट कोड तो अडवूही शकत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये कर्नलच्या मेंटेनरांनी तो प्रयोगाचा शिक्का काढला. तुम्हाला कर्नलएवढे नियम नकोत, पण एक पानभर हवेच. त्यात मी हे लिहीन: सी बाजू बदलायचं स्वातंत्र्य पूर्वीसारखंच राहील, त्यामुळे रस्टचा बिल्ड फुटला तर अमुक दोन माणसं आठवड्याभरात दुरुस्त करतील, आणि नाही झालं तर तो रिलीज जुन्या पार्सरवर जाईल, रस्टसाठी रिलीज अडणार नाही. माणसांची नावं लिहा, "रस्ट टीम" असं लिहू नका. दोन नावं लिहिता येत नसतील तर उत्तर तिथेच मिळालं, मर्ज करू नका.

बिल्डबद्दल, कारण याला लोक शेवटी हात घालतात आणि मग महिनाभर जातो. तुमची बिल्ड सिस्टिम आणि कार्गो (रस्टचं स्वतःचं बिल्ड टूल), दोघांनाही वाटतं की घरचा कर्ता मीच. एकालाच ठेवा, आणि जुन्या प्रोजेक्टमध्ये तो जुनाच असावा, त्याने कार्गोला हाक मारून एक स्टॅटिक लायब्ररी बनवून घ्यायची आणि लिंक करायची. एकच, हे महत्त्वाचं. उद्या दुसरा रस्ट मॉड्यूल आला आणि त्याची वेगळी स्टॅटिक लायब्ररी केली तर दोघींच्या पोटात रस्टची स्टँडर्ड लायब्ररी येते आणि सिम्बॉलची (फंक्शनांच्या नावांची) टक्कर होऊ शकते. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वरचा क्रेट (रस्टचं पॅकेज) ठेवा, बाकीचे सगळे क्रेट त्याच्या आत. डिस्ट्रोचे (डेबियनसारख्या लिनक्स वितरणांचे) पॅकेजर बिल्ड करताना इंटरनेट देत नाहीत, तेव्हा लॉक फाइल (डिपेन्डन्सींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) कमिट करा, डिपेन्डन्सी व्हेंडर करता (त्यांची प्रत आपल्याच कोडसोबत ठेवता) येतात का ते बघा, आणि ऑफलाइन बिल्ड सीआयमध्ये रोज चालवा. पीआरमध्ये किती क्रेट खेचलेत तेही मोजा, थेट लिहिलेले नाही, त्यांच्या मागून येणारे सगळे. पार्सरला खरं तर दोन-तीनपेक्षा जास्त लागू नयेत.

कंपायलरच्या आवृत्तीचं आत्ताच ठरवा. रस्टची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येते. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं तेव्हा रस्ट १.७० वर होती, पण डेबियनमध्ये १.६३ होती आणि त्या रिलीजची मूळ आवृत्ती तीच. सी च्या लोकांना हे पटकन ध्यानात येत नाही कारण आपल्याला दहा वर्षं जुना कंपायलर चालवायची सवय असते. आम्ही नियम केला की आम्ही पाठिंबा देतो त्यातल्या सगळ्यात जुन्या डिस्ट्रोत जी आवृत्ती असेल ती किमान, आणि त्या आवृत्तीवर सीआय चालतो. नवं फीचर कितीही आवडलं तरी थांबायचं.

आणि तुमची लायब्ररी कोण कोण कुठल्या मशिनवर बिल्ड करतं हे आधी शोधा. पायथॉनच्या क्रिप्टोग्राफी पॅकेजने फेब्रुवारी २०२१ मध्ये ३.४ ला रस्ट आणली. मेंटेनरांनी आधी जाहीर केलं होतं, पण बहुतेकांना कळलं ते सकाळी बिल्ड फुटल्यावर. कुणाचं पिप (पायथॉनची पॅकेजं बसवणारं टूल) जुनं होतं, त्याला तयार बायनरी दिसतच नव्हती म्हणून तो सोर्समधून बिल्ड करायला गेला आणि रस्ट कंपायलर नाही म्हणून पडला. अल्पाइन या डिस्ट्रोवाल्यांसाठी तेव्हा तयार बायनरी नव्हतीच. आणि काही जुन्या आर्किटेक्चरवर रस्टच चालत नव्हती, त्यांना तर वाटच राहिली नाही. रस्ट बंद ठेवायची सोय त्या आवृत्तीत होती, त्याच वर्षी पुढे ३५.० मध्ये ती काढली. माझ्या मते त्यांचा निर्णय बरोबर होता, पण पहिल्या काही दिवसांत स्वयंसेवकांना जे ऐकून घ्यावं लागलं ते फार वाईट होतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सांगतो, पॅकेजरांना वेगळं लिहा, चेंजलॉगवर विसंबू नका. निदान दोन रिलीज आधी लिहा, आणि त्या दोन रिलीजमध्ये रस्ट डीफॉल्ट बंद ठेवा.

एक तांत्रिक गोष्ट, जी बहुतेक पहिल्या पीआरमध्ये चुकलेली असते. रस्टमध्ये पॅनिक झाला (चूक लक्षात येऊन कोडने काम तिथेच सोडलं) आणि तो उलगडत सी च्या फ्रेममध्ये शिरला तर पूर्वी ते सरळ अनडिफाइंड बिहेवियर होतं, म्हणजे पुढे काय होईल याची कसलीच खात्री नाही. सप्टेंबर २०२४ च्या १.८१ पासून सी एबीआयच्या (सी ला बोलवता येणाऱ्या) फंक्शनमधून पॅनिक बाहेर पडायला लागला तर प्रोसेस अबॉर्ट होते. सुरक्षित आहे, पण तुमची लायब्ररी दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये बसते, एका बिघडलेल्या फाइलीने त्याचा अख्खा प्रोग्रॅम खाली बसला तर तो तुम्हालाच विचारणार. म्हणून बाउंडरीवरच्या प्रत्येक फंक्शनमध्ये पॅनिक पकडून त्याचा एरर कोड करा. पीआरमध्ये हे केलंय का बघा. नसेल तर तो अपराध नाही, पण लिहिणाऱ्याने अजून लायब्ररीच्या दृष्टीने विचार केलेला नाही एवढं कळतं.

रस्टशिवाय वाट आहे का, हेही प्रामाणिकपणे तपासा. फझिंग चालू आहे का, अॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका प्रोग्रॅम चालताना पकडणारं टूल) सीआयमध्ये आहे का? नसेल तर उद्या सुरू करा, रस्ट घेतली तरी ते लागणारच. सँडबॉक्सही आहे: फायरफॉक्सने ९५ व्या आवृत्तीपासून काही सी आणि सी प्लस प्लस लायब्ररी आरएलबॉक्समध्ये ठेवल्या, म्हणजे कोड आधी वेबअसेंब्लीमध्ये कंपाइल करून मग पुन्हा नेटिव्ह करायचा, जेणेकरून बग फुटला तरी त्या कप्प्याबाहेर जात नाही. लायब्ररी म्हणून तुमच्यासाठी ते थोडं अवघड आहे, पण तुम्हाला वापरणाऱ्या मोठ्या प्रोग्रॅमांना सुचवता येईल.

आणि अर्धवट राहण्याचा विचार करा, हे मी आग्रहाने सांगतो. पोर्ट सुरू करणारा प्रत्येक जण मनात पूर्ण झालेलं चित्र ठेवतो. फिश शेल या कमांड लाइनच्या प्रोग्रॅमने ते खरं केलं, सी प्लस प्लसवरून पूर्ण रस्टवर गेले, फेब्रुवारी २०२५ मध्ये ४.० आली, पण तिथे मेंटेनरांनी मिळून ठरवलं होतं आणि दोन भाषांचा काळ ही वाटच होती, मुक्काम नव्हता. टॉरने (ओळख लपवून इंटरनेट वापरायचं नेटवर्क) उलट केलं. आधी जुन्या सी कोडमध्येच रस्ट घालून पाहिली, पण कोड इतका एकमेकांत गुंतलेला होता की सुटा तुकडा निघेना, शेवटी आर्टी नावाने वेगळं लिहिलं, १.० सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. तुमच्याकडे तीन लाख ओळी आणि रोजची दोनच माणसं आहेत, म्हणजे पूर्ण पोर्ट होणार नाही असंच धरून चला. मग प्रश्न असा होतो की दहा वर्षांनीही पार्सर रस्टमध्ये आणि बाकी सगळं सी मध्ये असेल तर तुम्हाला ते चालेल का. बाउंडरी अरुंद असेल तर हो, मजेत चालेल. रुंद असेल तर ते दहा वर्षांचं दुखणं आहे.

इतकं सगळं म्हटल्यावर त्या पीआरचं काय. आहे तसा मर्ज करू नका आणि बंदही करू नका. तुकडे करून मागा: पहिल्यात फक्त बिल्ड आणि एक अगदी बारीक फंक्शन, चेकसमसारखं, म्हणजे सगळ्या प्लॅटफॉर्मवर टूलचेन (कंपायलर आणि सोबतची टूल्स) चालते का ते कळेल आणि चुकलं तर एका कमिटने मागे घेता येईल. दुसऱ्यात दोन पार्सरची उत्तरं ताडणारा फझर. तिसऱ्यात पार्सर, डीफॉल्ट बंद. प्रत्येक तुकडा लिहिणाऱ्याखेरीज दोघांनी वाचायचा, त्यातला एक तरी रस्ट न येणारा असू दे, त्याला बाउंडरी समजली नाही तर ती अजून साधी करायची. आणि पाठवणाऱ्याला सरळ विचारा की पुढची दोन वर्षं किती वेळ देता येईल. कोणाला बांधून ठेवता येत नाही, त्याने विनामोबदला एवढं काम केलंय, पण "फार नाही" असं उत्तर आलं तर त्याचा वेळ कोड लिहिण्याऐवजी तुमच्यापैकी एकाला शिकवण्यात जाऊ दे. आमच्या दुसऱ्या वेळी आम्ही हेच केलं, आमच्यातल्या सी च्या जुन्या माणसाने शेवटचे दोन मॉड्यूल स्वतः लिहिले, शिकवणारा बाजूला बसून होता.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रश्नात अशी आहे की ती वाचून मी थांबलो. तुम्ही लिहिलंय की नव्या पार्सरला तुमच्या जुन्या मेमरी पूलमधून (एकत्र घेऊन ठेवलेल्या मेमरीच्या साठ्यातून) जागा मागावी लागते, कारण बाकीचा कोड तो पूल रिकामा करूनच सगळं एकदम फ्री करतो. म्हणजे रस्ट प्रत्येक नोडसाठी (वाचलेल्या माहितीच्या तुकड्यासाठी) सी कडे कॉलबॅक करणार, आणि परत मिळालेल्या पॉइंटरचं आयुष्य सी च्या हातात. ही ती रुंद बाउंडरी आहे, नुसती फंक्शनांच्या संख्येत दिसत नाही एवढंच. रस्ट बाजू एखादा नोड धरून बसली असताना कुठल्या तरी एरर वाटेवर सी ने पूल रिकामा केला की आमच्यासारखाच सहा आठवड्यांचा क्रॅश. त्याऐवजी रस्टने स्वतःच्याच मेमरीत सगळं वाचावं, आणि शेवटी एकदाच सी बाजूने एक एक नोड विचारत तो आपल्या पूलमध्ये कॉपी करून घ्यावा. थोडं हळू होईल, किती ते मोठ्या फाइलींवर मोजून बघा, आमच्याकडे फरक पार्सिंगच्या वेळेपुढे जाणवला नव्हता. ती हेडर फाइल आणि पूल रिकामा करणारी फंक्शनं इथे टाकलीत तर मी रविवारी बसून वाचतो आणि कुठल्या वाटा धोक्याच्या वाटतात ते ओळीनिशी लिहितो.